पस्तिसाव्या जागेची रुंदी

मधुकररावांनी राइस मिल बंद केली तेव्हा यंत्रे विकली, पण शेड ठेवून घेतली. कोंड्याचा वास तिच्या भिंतींत अजून मुरलेला होता. पावसाळ्यात तो ओल्या विटांतून बाहेर येई आणि साखळ्यांना लावलेल्या तेलाच्या वासात मिसळे. त्या वासात चौतीस सायकली लोखंडी स्टँडांवर एका रांगेत उभ्या होत्या. एक होती पितळी भांडी घेऊन गावोगाव हिंडलेली. त्या भांड्यांच्या भाराने तिच्या कॅरियरच्या सळया कायमच्या वाकल्या होत्या. एक ढिवराची, तिच्या मागच्या मडगार्डाला मासळीच्या पाण्याने इतके खाल्ले होते की पत्र्याला जाळ्याची भोके पडल्यासारखी वाटत. पहिल्या क्रमांकाची सायकल मधुकररावांच्या वडिलांची. तिचा स्टँड तेवढा जमिनीत बोल्टांनी आवळलेला होता, आणि शेडमधले सगळे हलले तरी तो एक हलायचा नाही, असा त्या जागेचा अलिखित कायदा होता.

पस्तिसावा स्टँड भिंतीशी रिकामा होता. दसऱ्याला शेड संग्रहालय म्हणून लोकांसाठी उघडायची होती. त्याआधी त्या जागी कोण उभे राहणार, यावर मधुकररावांचा आणि कामिनीचा दोन महिने वाद चालला होता. मधुकररावांच्या मनात पोस्टमनची जुनी डाकेची सायकल होती.

कामिनी त्यांच्याकडे पाट्या लिहायला येई. सकाळी कॉलेजात तासिकांवर मराठी शिकवायची, दुपारी शेडमध्ये बसून प्रत्येक सायकलीची हकिकत चार ओळींत बसवायची. मधुकरराव त्यातली एक ओळ हमखास खोडत. “पाटीत सायकल दिसली पाह्यजे,” ते म्हणत, “तू नाही.”

त्या जागेसाठी कामिनीने सुचवलेले नाव ऐकून त्यांनी नट आवळता आवळता पान्हा थांबवला होता.

“क्रूझर? ते मोठ्या पोटाच्या टायरची? नागपुरात काचेमागं उभी राहते, ते?”

“तीच, काका.”

“पोरी, ते तं जन्मतःच म्हातारी आहे. वाकवलेला दांडा, फुगवलेले टायर, कोण्या परक्या मुलकातल्या आजोबाचं हँडल. जुनी दिसावी म्हणून कारखान्यात बनवते तिले. जिनं तरुणपण पाह्यलं नाही, तिले म्हातारपण कायचं?”

दोन दिवसांनी एका घंटीवरचा हिरवा गंज चिंचेने घासता घासता ती म्हणाली, “आपल्या भंडाऱ्यात घागर आजही पणजीच्याच घाटाची बनते. ती पण नक्कलच. मग नातीच्या घरात गेल्यावर ती जुनी होत नाही का?”

“घागर पाणी भरते.”

“सायकल चालते.”

“चालते ना. पण इथं उभ्या आहे त्याइच्यापैकी एकीचं नाव सांग, जिच्याशिवाय कोणाचं अडलं नसतं. तुझ्या क्रूझरशिवाय कोणाचं काय अडलं?”

कामिनी पुन्हा घंटी घासू लागली. माझे अडले होते, असे काही पाटीवर लिहिता येत नाही.

बारा वर्षांपूर्वी कामिनीच्या गावी, सानगडीत, ती सायकल पहिल्यांदा आली, तेव्हा कामिनी आणि रिता दोघीही नुकत्याच दहावी झाल्या होत्या. रिता केशवरावांची मुलगी. घरी धानाची शेती, त्यावर धानाचा व्यापार. निकालाचे बक्षीस म्हणून केशवरावांनी नागपूरहून टेम्पोच्या टपावर बांधून ती आणली. मोरपंखी रंगाचा वळणदार सांगाडा, सायीच्या रंगाचे मडगार्ड, आणि हँडल इतके रुंद की गल्लीतून समोरून येणाऱ्याने ओट्यावर चढावे. हँडलावर ब्रेकच नव्हते. पेडल उलटे दाबले की ती थांबे. सानगडीने तिला ‘उलट्या पायाची’ असे नाव ठेवले आणि आठवडाभर तिच्यामागे पोरे धावली. कामिनी धावली नाही. ती मान खाली घालून शाळेच्या दाखल्यासाठी रांगेत उभी राहिली आणि मनातल्या मनात त्या सायकलीचा प्रत्येक वळसा पुन्हा पुन्हा काढत राहिली. एकदा बाजाराच्या दिवशी रिता म्हणाली होती, “कामिनी, धर वो जरा, बांगड्या घेऊन येतो.” कामिनीने ती दहा मिनिटे धरली. बसली नाही. कोणी तिला अडवले नव्हते, आणि कोणी तिला बस असेही म्हटले नव्हते. रबरी मुठींचा किंचित चिकट स्पर्श मात्र हातात राहून गेला, तो आजवर.

आता रिता लग्न होऊन रायपूरला होती. मागच्या महिन्यात तिचा फोन आला तेव्हा बोलता बोलता ती म्हणाली, “आपली उलट्या पायाची आठवते का? तिचा टायर कुठं भेटूनच नाही राहिला. बाबा म्हणते, पोळा झाला की देवाजी वेल्डरकडं नेऊन कापतो, धानावर फवारणीची गाडी बनवतो.”

दुसऱ्याच दिवशी कामिनीने मधुकररावांना गळ घातली. एकदा डोळ्यांनी पाहा, मग नाही म्हणा. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी ते सानगडीला यायला तयार झाले, पण अट घालून.

“मूळ हँडल, मूळ रंग. एक जरी गावठी हात फिरला असन तं मी चहा पिऊन परतीन. अन् मग ती जागा डाकेच्या सायकलीले. ठरलं?”

“ठरलं,” कामिनी म्हणाली. ठरवताना तिला ठाऊक होते की त्या सायकलीवर एक नव्हे, अकरा हात फिरले होते.

कारण केशवरावांच्या घरी ती सायकल नंदी होती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान मुले लाकडाचे बैल सजवून तोरणाखाली नेतात, घरोघर फिरून बोजारा म्हणून खाऊ मिळवतात. त्या तान्ह्या पोळ्यात केशवरावांच्या घरून लाकडी बैलाऐवजी सायकल निघे. रुंद हँडल म्हणजे शिंगे. दरवर्षी त्या शिंगांना नवा रंग लागे, टोकांना बेगड, सीटवर झूल. पहिल्या वर्षी हे कसे सुरू झाले, ते कामिनीने ऐकले नव्हते. तेव्हा ती शिकायला भंडाऱ्यात होती. तिला एवढेच दिसत होते की त्या रंगांखाली कुठेतरी तिची सायकल आहे, आणि ती बाहेर काढली नाही तर देवाजीच्या गॅसखाली जाईल.

पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदशेकणीच्या दुपारी ती सानगडीला पोचली तेव्हा बांध्यांत रोवणे उरकून धान हिरवेगार उभे होते. केशवराव शेतावर होते. मंगलाबाई, त्यांची बायको, सूप पाखडत अंगणात बसल्या होत्या.

“काकी, सायकल जरा साफ करू का?”

“कर ना माय. परवा तान्हा पोळा हाये, आंग धुवाच लागते तिचं,” मंगलाबाई म्हणाल्या आणि सूप घेऊन आत गेल्या.

कामिनीने साकोलीच्या दुकानातून आणलेला रंग काढायचा डबा उघडला. गोठ्यात आता बैल नव्हते; गव्हाणीला टेकून सायकल उभी होती. डाव्या शिंगावर तिने ब्रशने तो उग्र पातळ द्रव फिरवला. थोड्या वेळाने रंगाला सुरकुत्या आल्या, फोड आले. पत्र्याच्या तुकड्याने खरवडताच निळा, पांढरा, गुलाबी असे वळवळते पापुद्रे तिच्या पायाशी गळू लागले. आणि त्याखालून चकचकीत, अस्पर्श, कारखान्यातून कालच निघावी तशी चांदी उघडी पडली. ती मूठ, ती दहा मिनिटे, तो बाजार! ती अधिक वेगाने खरवडू लागली. डावे शिंग मुठीपासून मधल्या वळणापर्यंत मोकळे झाले होते, तेवढ्यात दारात दप्तर आपटल्याचा आवाज झाला.

“आजीऽ! ओ आजीऽ! ह्या ताईनं नंदीचं शिंग सोललं वोऽ!”

केशवरावांची नात रुपा. वय नऊ. यंदाच्या नंदीची मालकीण.

मंगलाबाई धावत आल्या, पायाशी पडलेल्या रंगीत सालींकडे पाहत उभ्या राहिल्या. “अवो, म्या धुवाले सांगतलं होतं,” त्या हळूच म्हणाल्या, “सोलाले नाही.”

कामिनीच्या हातातला पत्रा खाली आला. आपण एखाद्याच्या अंगावरचे कातडे काढत होतो हे आत्ताच कळावे, तसे तिला झाले. तिने भंडाऱ्याची शेड, रिकामी जागा, मधुकररावांची अट, सगळे सांगितले. रुपाने ते ऐकून घेतले आणि विचारले, “मंग तिथं नेऊन तिले काय करन?”

“उभी करतील. लोक पाहतील.”

“निस्ती उभी?”

संध्याकाळी केशवराव आले. अर्धे सोललेले शिंग पाहून ते मोठ्याने हसले. “बरं केलं पोरी, देवाजीचं अर्धं काम झालं! परवानंतर कापाचीच तं हाये.” हसू संपल्यावर मात्र ते सायकलीकडे पाठ करून हातपाय धूत बराच वेळ उभे राहिले.

दिवेलागणीला शेजारच्या बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळायला सुरुवात झाली, तशी रुपाही वाटी घेऊन गोठ्यात आली. सायकलीचा खांदा म्हणजे पुढच्या चिमट्याची मान. हँडल जिथे सांगाड्यात उतरते तो सांधा. शेजारच्या अंगणातून आवाज येत होता, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.” रुपाने वाटी कामिनीपुढे धरली.

“तू लाव. तूच सोललं ना. आवतन पण तूच दे. नाई तं ते येनार नाई.”

कामिनीने पळसाच्या पानाने कोमट तूप त्या सांध्यावर चोळले. अकरा वर्षांच्या हळदीने तिथला मोरपंखी रंग शेवाळी झाला होता. ओठांतल्या ओठांत ती म्हणाली, “आज आवतन घ्या, उद्या जेवायला या.” आणि स्वतःचाच आवाज ऐकून ती ओशाळली.

तान्ह्या पोळ्याच्या सकाळी पहिल्या एसटीने मधुकरराव उतरले. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत भिंग, चिंध्या, आणि जुन्या सायकलींचा उघडा पडलेला पत्रा झाकायला लागणाऱ्या काळ्या रंगाचा लहान डबा, जो ते कुठेही सोबत नेत.

“बसा जी,” केशवरावांनी खाट ओढली. “पह्यले चहा घ्या. मंग नापास करा.”

“पास-नापास आपल्या हातात कुठं जी. आधी पाहू.”

कामिनी गोठ्याच्या दाराशी उभी राहिली. मधुकरराव आत गेले, सायकलीभोवती एक फेरी मारून थांबले.

“हे कोणं खरवडलं?”

“मी,” कामिनी म्हणाली.

“काहून?”

“तुम्हीच म्हणाला होता. मूळ रंग.”

मधुकररावांनी तिच्याकडे पाहिले आणि काही न बोलता धोतर सावरून जमिनीवर मांडी घातली. कामिनीला वाटले, आता चहा, आणि मग एसटी. पण त्यांनी भिंग काढले. चकचकीत झालेल्या भागावर ते लावलेच नाही. जिथे खरवडणे थांबले होते, जिथे उघडी चांदी आणि रंगाचा जाड थर एकमेकांना भेटत होते, त्या काठावर त्यांनी भिंग धरले आणि एक डोळा मिटला.

“निळा सगळ्यात वर,” ते पुटपुटले. “मागच्या सालचा. कुठून आणला होता?”

“आमच्या मोटरपंपाच्या डब्बीतला उरला होता,” केशवराव म्हणाले.

“त्याखाली पिवळा.”

“ते देवळाच्या कठड्याचा,” मंगलाबाई पुढे सरकल्या. “तिथल्या भय्याजीनं देल्ला होता.”

“गुलाबी?”

“रिताच्या लग्नाच्या गेटाचा! पोरगी सासरी गेली, अन् उरलेला रंग आम्ही नंदीले लावला.”

“अन् हे काय हाये? मातीवानी. हे तं डब्यातलं नाही.”

मंगलाबाईंनी त्या थराला बोट लावले. “ते लॉकडाऊनचं साल. दुकानं बंद होते. मंग म्या भितीचा गेरू जवसाच्या तेलात कालवला. सुकतच नव्हता मेला. तोरण नव्हतं, पोरं नव्हते. एकटीच फिरवली आंगणात.”

मधुकररावांनी भिंग तसेच धरून ठेवले. नंदीसाठी मुद्दाम विकत आणलेला रंग त्यात एकही नव्हता. हिरवा कोणाच्या खिडकीचा, लाल ग्रामपंचायतीच्या पाटीचा, राखाडी शेजारच्या ट्रॉलीचा. कोणाचे काही नवे झाले की त्यातला उरलेला हात या शिंगांवर आला होता. मंगलाबाई एकेक सांगत गेल्या आणि मधुकरराव बोटांवर मोजत गेले. अकरा भरले. कामिनीच्या मनात आले, हा काठ दिसतो आहे तो मी चूक केली म्हणून. आणि चूक अजून तासभर चालली असती तर हाही दिसला नसता.

मग ते चिमट्याच्या मानेशी आले. चिंधीने हळद पुसली, बोट फिरवले, पुन्हा पुसले.

“केशवराव, बारा वर्ष झाले. पावसाळ्यात कुठं राह्यते ही?”

“इथंच जी. पाखं गळते, तिथंच.”

“बाकी सगळीकडं गंज चढला. इथं दाणा नाही गंजाचा. माझ्या चौतीस सायकलींत एकीची मान अशी नाही.” त्यांनी बोटाचा वास घेतला. “तूप!”

रुपा खुदकन हसली. “खांदशेकणी करतो ना आमी. बैल रायते तं खांदा दुखते.”

मधुकररावही हसले, पण लगेच गंभीर झाले. आपला नेहमीचा प्रश्न त्यांनी विचारला, या वेळी जरा जपून. “एक सांगा. ही नसती तं तुमचं काय अडलं असतं?”

केशवराव अंगणाकडे पाहू लागले. “काय अडन जी, सायकलच तं हाये,” ते म्हणाले. मग, कोणी विचारले नसताना, “ही आली त्या सालीच म्या बैल विकले होते. ट्रॅक्टर घेतला. पोळ्याच्या दिवशी सारे तोरणाखाली अन् मी घरात कवाड लावून. कोन्या तोंडानं जाऊ? बापाच्या काळापासून आमची जोडी पह्यल्या रांगेत राहे. दुसऱ्या दिवशी ही पोरगी, रिता, सायकलीच्या हँडलाले बेगड लावून ओढत निघाली. लोक हसले. भय्याजी होते म्हातारे, त्याहीनं सायकलीच्या कपाळाले टिळा लावला, अन् म्हनाले, बोलवा रे केशवले, त्याचा बैल आला.” त्यांनी गव्हाणीवरची धूळ हाताने झटकली. “मंग जावाच लागलं.”

चहा आला. मधुकररावांनी बशी खाली ठेवली आणि कामिनीकडे वळून, तिने दोन महिने ज्याची वाट पाहिली होती ते वाक्य उच्चारले.

“पस्तिसावी हीच. केशवराव, द्या मले. आज टेम्पो सांगतो.”

कामिनीला ती शेडमध्ये उभी दिसू लागली. कापली जाणार नाही. रोज दुपारी समोर उभी असेल. तिची पाटी ती स्वतः लिहील.

“आज?” रुपा म्हणाली. “आज तं तान्हा पोळा हाये.”

“मग उद्या नेऊ, बेटा.”

“अन् पुढच्या साली शिंगाले कोन रंगवन? तुमी?”

शेडमध्ये रंगाला रंग लागत नाही. तो तिथला पहिला नियम. तिथे ती येईल त्या दिवशी अकरावर थांबेल. त्या पलीकडे कोणाचे घर रंगले, कोणाचे गेट, हे तिला कळणार नाही.

कामिनीने सोललेल्या शिंगाकडे पाहिले. ते चमकत होते, आणि त्या चमकण्याला सांगण्यासारखे काही नव्हते. “काका,” ती म्हणाली, “नका नेऊ.”

“काय?”

“आज नको. पुढल्या वर्षी पण नको.”

“अवो, दोन महिने माझं डोकं कोणं खाल्लं? मी नाही म्हणत होतो तेव्हा हिले पाह्यजे होती. मी हो म्हणतो तं हिले नको!”

“तुम्ही म्हणाला होता ना, हिनं तरुणपण पाहिलं नाही. आता पाहून राहिली आहे. होऊ द्या.”

“अन् म्या टायर कुठून आनू?” केशवरावांनी मधेच विचारले. “तरुणपन बिनाटायरचंच काय? अन् मले गाडी पाह्यजे फवारनीले.”

मधुकररावांनी कपाळ चोळले. ते रागावले आहेत की विचार करताहेत, कामिनीला कळेना. शेवटी ते म्हणाले, “टायर मी शोधतो. जिथं मिळन तिथून आणतो, तो माझा धंदाच आहे. अन् माझ्या शेडमागं दोन मोडके सांगाडे पडले आहेत, त्याची बनवा तुमची गाडी. ते कापले तं मले दुःख नाही. हिले हात लावू नका.”

केशवरावांनी मान डोलावली. ज्या माणसाला मनातून हवे तेच दुसऱ्याने सांगितले, त्याची मान अशी चटकन डोलते.

“पन यंदाचा रंग?” रुपाने दोन्ही हात कमरेवर ठेवले. “यंदा कोनाच्या घरीच रंग नाई उरला. अन् ताईनं एक शिंग तं नागडं केलं.”

मग मधुकररावांनी हळूच पिशवीत हात घातला आणि काळ्या रंगाचा तो लहान डबा बाहेर काढला. झाकण उघडायला त्यांना नेहमीपेक्षा अधिक वेळ लागला. ब्रश त्यांनी रुपाच्या हाती दिला, पण पहिला हात तिने त्यांनाच मारायला लावला, कारण रंग ज्याच्या घरचा, पहिला हात त्याचा, असा तिच्या राज्यातला नियम होता. गावठी हाताला आयुष्यभर नाक मुरडणाऱ्या त्या माणसाने जीभ दातांत धरून, उजव्या शिंगावर बाराव्या थराचा आणि डाव्यावर पहिल्या थराचा काळा पट्टा ओढला. तो थोडा वाकडा गेला. त्यांनी तो सुधारला नाही.

रंग वाळेपर्यंत दुपार झाली. मग बेगड, मग मंगलाबाईंच्या जुन्या लुगड्याची झूल, घंटीला घुंगरू. तोरणाकडे निघताना कामिनीने विचारले, “रुपा, बसून का नाही नेत?”

“पोळ्याच्या सनाले बैलावर कोनी बसते काय वो?” रुपाने तिच्याकडे दयेने पाहिले. “तुमच्या भंडाऱ्यात काहीच शिकवत नाई.”

तोरणाखाली लाकडी बैलांच्या रांगेत सायकल उभी राहिली तेव्हा तिच्या शिंगांसाठी दोन्हीकडच्या पोरांना सरकावे लागले. ढोल थांबला आणि रुपाने हात उंचावून झडती, म्हणजे पोळ्याची ललकारी, म्हटली:

“गवत खाये ना, कुटार खाये,
आमचा नंदी हवाच खाये!
हवा सरली तं पंप लाव,
सानगडीभर मारते धाव,
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!”

सगळ्या पोळ्याने महादेव म्हटले. मधुकररावांनीही म्हटले, जरा उशिरा.

नंतर घरोघर बोजारा मागायला निघताना रुपाने मागे वळून हाक मारली, “ताई, धर वो जरा, मी येतो.” आणि ती पहिल्या घरात पळाली. कामिनीने शिंगे धरली. मुठींचे रबर आता कडक झाले होते, त्यावर काळ्या रंगाचा एक ओला थेंब होता, तो तिच्या तळव्याला लागला. घरांमागून घरे होत गेली. रुपा येई, चिवडा नाही तर नाणी झुलीच्या खिशात टाकी, पुन्हा पळे. बाजाराच्या त्या दहा मिनिटांत कामिनी फक्त सायकलीकडे पाहत राहिली होती. आज तिला दारादारांतून बाहेर डोकावणाऱ्या पोरी दिसत होत्या. त्यांतली एक, परकर सावरत खांबाआड उभी, सायकलीवरून नजर काढतच नव्हती. ती धावून पुढे आली नाही. कामिनीने तिला हाताने बोलावले आणि म्हणाली, “धरतेस?”

मधुकरराव ओट्यावरून हे पाहत होते. त्या पोरीने दोन्ही हातांनी मूठ धरली, तेव्हा त्यांनी कोण्या दुकानातून मागून आणलेली सुतळी काढली, एक टोक कामिनीला दिले, आणि या शिंगाच्या टोकापासून त्या शिंगाच्या टोकापर्यंत ताणून तेवढ्यावर गाठ मारली.

“कशाला काका?”

“मापाचा टेप घरी राह्यला,” ते म्हणाले. एवढेच.

नवरात्राच्या दुसऱ्या माळेला कामिनी शेडमध्ये गेली तेव्हा डाकेची सायकल बाहेर व्हरांड्यात कापडाखाली उभी होती आणि आत मधुकरराव घामाघूम होऊन स्टँड ढकलत होते. चौतिसावा चार बोटे, तेहतिसावा चार बोटे, बत्तिसावा चार बोटे. पस्तिसाव्या जागेवर सुतळी ताणून बांधलेली होती. एका टोकाची गाठ भिंतीपाशी, दुसऱ्या टोकाची शेजारच्या सायकलीच्या हँडलात अडकलेली.

“बस नाही राहिली वो,” ते धापा टाकत म्हणाले. “बाकी साऱ्याइचे हात आवरलेले. हिचेच पसरलेले. तिथं पोर म्हणते सरका, इथं मी म्हणतो सरका.”

“ती कधी येणार आहे काका? दहा वर्षं? वीस?”

“मले काय माहीत? मी नसन तं तू आणशीन. पण आली अन् जागा पुरली नाही, असं नको.”

कामिनीने पदर खोचला. दोघांनी मिळून रांग सरकवली. वाकलेल्या सळयांची, ढिवराची, सगळ्या. प्रत्येकीला चार बोटे, प्रत्येकीनंतर सुतळीकडे एक नजर. दोन नंबरची सायकल एक नंबरला टेकली, तरी जागा सुतळीच्या मापाला एक वीत अपुरीच राहिली.

आता फक्त वडिलांची सायकल उरली होती, जमिनीत आवळलेल्या बोल्टांवर. मधुकररावांनी त्या सायकलीच्या सीटवर हात ठेवला. बाहेर कोणाच्या तरी घटाची आरती चालू होती.

मग ते गुडघ्यांवर बसले आणि न पाहता मागे हात पसरला.

“पान्हा दे,” ते म्हणाले. “मोठा.”